नॅरोबोट

नॅरोबोट ही ग्रेट ब्रिटनमधील अरुंद कालव्यांसाठी बांधली जाणारी लांबट, सपाट तळाची नौका होय. तिची रुंदी ७ फुटांपेक्षा (२.१३ मीटर) कमी, बहुधा ६ फूट १० इंच असते, लांबी मात्र ७२ फुटांपर्यंत (सुमारे २२ मीटर) असू शकते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे दोनशे वर्षे या नौकांनी कोळसा, चिनी माती, धान्य, लोखंड इत्यादी मालाची वाहतूक केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मालवाहतूक संपली आणि याच मापाच्या नौका सहलीसाठी व कायमच्या वास्तव्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. आज इंग्लंड व वेल्समधील कालव्यांवर दिसणाऱ्या बहुसंख्य नॅरोबोटी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

महाराष्ट्रात 'कालवा' म्हटले की मुठा उजवा कालवा किंवा नीरा डावा कालवा यांसारखा शेतीला पाणी देणारा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. या लेखातील कालवे त्याहून निराळे आहेत. ते सिंचनासाठी नव्हे, तर केवळ नौकानयनासाठी खोदलेले असून त्यांतील पाणी जवळजवळ स्थिर असते. जमिनीचा चढउतार ओलांडण्यासाठी त्यांवर ठिकठिकाणी जलपाश, म्हणजेच लॉक, बांधलेले असतात. नॅरोबोटीची सर्व वैशिष्ट्ये या जलपाशांच्या मापातून निर्माण झाली आहेत.

नाव

'नॅरो बोट' असे दोन शब्दांत लिहिले की जुन्या मालवाहू नौकेचा आणि 'नॅरोबोट' असे एका शब्दात लिहिले की आधुनिक निवासी वा सहलीच्या नौकेचा बोध घ्यावा, असा संकेत काही अभ्यासक पाळतात. तो सार्वत्रिक नाही. नॅरोबोटीला 'बार्ज' म्हणणे मात्र चूक आहे. बार्ज ही याहून बरीच रुंद मालवाहू नौका असते, आणि नॅरोबोटीच्या मालकासमोर हा शब्द वापरल्यास तो तत्काळ दुरुस्त करून मिळतो. नॅरोबोटीसारखीच दिसणारी पण १० ते १४ फूट रुंद नौका 'वाइडबीम' या नावाने ओळखली जाते. अरुंद जलपाशांतून ती जाऊ शकत नाही.

इतिहास

उगम

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी बांधलेला ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्यामुळे शहरातील कोळशाची किंमत निम्म्यावर आली, असे म्हटले जाते. या कालव्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली याच्याकडे पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम आले. या योजनेमागे जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभकाराचा मोठा पुढाकार होता. चिनी मातीची भांडी खाचखळग्यांच्या रस्त्याने गाडीतून नेताना फुटत. पाण्यावरून ती सुखरूप जात. या कालव्यास १७६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि तो १७७७ मध्ये पूर्ण झाला. ब्रिंडलीचे निधन त्यापूर्वीच, १७७२ मध्ये, झाले होते.

या मार्गावर हेअरकासल येथे डोंगर पोखरून दीड मैलांहून लांब बोगदा काढावा लागणार होता. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक, आणि जलपाश जितका मोठा तितके प्रत्येक फेरीला खर्ची पडणारे पाणीही अधिक. या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन ब्रिंडलीने जलपाशाची रुंदी सुमारे ७ फूट आणि लांबी सुमारे ७२ फूट ठेवली. मिडलँड्स भागातील पुढच्या अनेक कालव्यांनी हेच माप स्वीकारले. त्या काळाच्या दृष्टीने हा निर्णय काटकसरीचा होता. पण शंभर वर्षांनी, रेल्वेशी स्पर्धा करताना, हेच माप गळ्याशी आले. लहान नौकेतून २५ ते ३० टनच माल जाई आणि जलपाश रुंद करायचे तर सगळे जाळेच नव्याने बांधावे लागले असते.

सुरुवातीच्या नौका लाकडी असून घोडा त्या ओढत असे. कालव्याच्या काठाने घोड्यासाठी केलेल्या वाटेला 'टोपाथ' म्हणतात. कच्च्या रस्त्यावर एखाद-दोन टन माल ओढताना दमणारा घोडा शांत पाण्यावर २५ टनांची नौका एकटा ओढू शके. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोरांच्या घर्षणाने पडलेल्या खोल चरा आजही दिसतात. अनेक बोगद्यांत टोपाथ नसे. तेथे घोड्याला डोंगरावरून फिरवून नेत आणि दोन माणसे नौकेवर आडवी झोपून बोगद्याच्या भिंतींवर पाय रोवून चालत चालत नौका पुढे ढकलत. १८११ मध्ये सुरू झालेल्या स्टँडेज या ब्रिटनमधील सर्वांत लांब कालवा-बोगद्यात (सुमारे ५ किमी) याच रीतीने काळोखात तासन्‌तास काम चाले.

नौकेवरील कुटुंबे

प्रारंभी नौकेवर काम करणारे पुरुष काठावरच्या घरांत राहत. १८३० नंतर रेल्वेचे जाळे पसरू लागले, मालाचे दर घसरले आणि घरभाडे व मदतनिसाचा पगार हे दोन्ही खर्च परवडेनासे झाले. त्यामुळे नाविकांनी बायकामुलांना नौकेवर आणले; बिनपगारी मनुष्यबळही त्यातून मिळाले. नौकेच्या मागच्या टोकाची खोली सुमारे १० फूट लांब आणि ७ फुटांहून कमी रुंद असे. उरलेली सर्व जागा मालाची. या खोलीत चूल, उघडून टेबल होणारे कपाट, घडी घालून ठेवायचा पलंग आणि सगळे कुटुंब मावत असे. पितळी मुठी, जाळीदार काठांच्या बश्या, तपकिरी चहादाण्या आणि रंगवलेले पाण्याचे डबे यांनी ती सजवलेली असे. दारांवर व डब्यांवर गुलाबाची फुले आणि किल्ल्यांची दृश्ये रंगवण्याची 'रोझेस अँड कॅसल्स' ही लोककला याच संसारांत वाढली. तिच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिचा जिप्सी गाड्यांवरील चित्रांशी संबंध जोडला जातो, तो लोकप्रिय असला तरी सिद्ध झालेला नाही.

या रंगीत चित्रामागची परिस्थिती कठीण होती. मुले लहानपणापासून घोडा हाकणे, जलपाश उघडणे ही कामे करीत. नौका आज एका गावी, उद्या दुसऱ्या. त्यामुळे शाळेत नाव घातले तरी ते टिकत नसे. कोलव्हिल येथील समाजसुधारक जॉर्ज स्मिथ याने १८७५ मध्ये 'अवर कॅनॉल पॉप्युलेशन' हे पुस्तक लिहून या प्रश्नाला वाचा फोडली. त्याची वर्णने काहीशी अतिरंजित असल्याचे पुढील संशोधकांचे मत आहे. परंतु त्याच्या प्रयत्नांमुळेच १८७७ चा कॅनॉल बोट्स कायदा झाला. या कायद्याने राहत्या नौकांची नोंदणी सक्तीची झाली आणि एका खोलीत किती माणसांनी राहावे यावर मर्यादा आली. पहिल्या कायद्यात अंमलबजावणीची तरतूद कच्ची होती, म्हणून १८८४ मध्ये दुसरा कायदा करून तपासणीची व्यवस्था आणि मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी अधिक स्पष्ट करण्यात आली.

तरीही साक्षरतेचा प्रश्न सुटला नाही. कायदा हजेरी मागू शकत होता. शाळा नौकेबरोबर चालू शकत नव्हती. माल उतरेपर्यंत मिळणाऱ्या एक-दोन दिवसांत मूल ज्या शाळेत जाई, तेथे ते पुन्हा कित्येक आठवडे दिसत नसे. १९३० च्या दशकात लंडनच्या पश्चिमेस एका बार्जमध्ये अशा मुलांसाठी शाळा चालवली गेली, आणि १९५० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये त्यांच्यासाठी वसतिगृह उघडण्यात आले. तोवर हा व्यवसायच अखेरच्या टप्प्यात आला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रौढ नाविकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मार्ग, पूल, जलपाशांचा क्रम आणि मालाचा हिशेब ते स्मरणात ठेवीत. आजारपणातही अशीच अडचण असे. नॉर्दम्प्टनशायरमधील स्टोक ब्रुअर्न येथे सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेने आपल्या घरीच दवाखाना चालवून १९६२ पर्यंत नौकेवरील कुटुंबांची शुश्रूषा केली. या कार्यासाठी १९५१ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल देण्यात आले.

यंत्रयुग आणि मालवाहतुकीचा अंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या कंपनीने वाफेवर चालणाऱ्या नौका वापरल्या. बॉयलर व कोळसा बरीच जागा अडवीत असल्यामुळे पुढे डिझेल जातीची इंजिने आली. त्यांतील स्वीडिश 'बोलिंडर' इंजिनाचा ठेक्यातला आवाज प्रसिद्ध आहे. इंजिन असलेली 'मोटर' आणि तिच्यामागे बांधलेली बिनइंजिनाची 'बटी' अशी जोडी एकच कुटुंब चालवू लागले. दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडल्याने काही तरुणींना प्रशिक्षण देऊन या कामावर घेतले गेले. त्यांच्या बिल्ल्यावरील 'आय. डब्ल्यू.' या आद्याक्षरांचा, म्हणजे इनलँड वॉटरवेज या शब्दांचा, थट्टेने 'आयडल विमेन' (रिकामटेकड्या बायका) असा अर्थ लावला गेला आणि तेच नाव रूढ झाले. प्रत्यक्षात दोन नौका मिळून ५० टनांहून अधिक माल वाहून नेणाऱ्या या तीन-तीन स्त्रियांच्या तुकड्यांना हे नाव मुळीच शोभत नाही.

१ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला माल कायमचा रस्त्याकडे वळला. अॅथरस्टन येथून लंडनजवळच्या साउथॉलमधील मुरंब्याच्या कारखान्याला होणारा कोळशाचा पुरवठा १९७० मध्ये थांबला. लांब पल्ल्याच्या नियमित मालवाहतुकीचा तो शेवटचा करार मानला जातो.

पुनरुज्जीवन

एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने 'क्रेसी' नावाच्या जुन्या नौकेचे घर करून १९३९ मध्ये मिडलँड्सच्या कालव्यांतून प्रवास केला. त्यावरील त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन याने रोल्टशी संपर्क साधला आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. रोल्टला पारंपरिक नाविकांचे जीवन टिकवायचे होते, तर एकमनला प्रत्येक कालवा नौकानयनासाठी खुला हवा होता. १९५१ मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांचे व्यापारी, सहलीचे आणि उर्वरित असे तीन वर्ग केले व सहलीसाठीच्या वापराला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. स्वयंसेवकांच्या दीर्घ श्रमांतून केनेट अँड एव्हन (१९९०) व हडर्सफील्ड नॅरो (२००१) यांसारखे बंद पडलेले कालवे पुन्हा सुरू झाले. जुलै २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैल (३,२०० किमी) जलमार्ग शासकीय ब्रिटिश वॉटरवेजकडून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आले. या जलमार्गांवर ३०,००० हून अधिक परवानाधारक नौका आहेत.

रचना

आधुनिक नॅरोबोट पोलादी असते. तळाला १० मिमी, बाजूंना ६ मिमी आणि वरच्या खोलीला ४ मिमी जाडीचा पत्रा वापरणे ही आजची सर्वसाधारण पद्धत आहे. तळ सपाट असून नौका पाण्यात अवघी दोन-अडीच फूट बुडते. ती स्थिर राहावी म्हणून लाकडी तक्तपोशीखाली विटा, फरशा किंवा लोखंडाचे तुकडे वजनासाठी ठेवतात.

मागील टोकाच्या घडणीवरून तीन प्रकार पडतात. 'ट्रॅडिशनल' प्रकारात सुकाणू धरणारा जवळपास खोलीच्या दारातच उभा राहतो. 'क्रूझर' प्रकारात मागे मोठा मोकळा सज्जा असतो. तो उन्हाळ्यात चांगला, पावसात नकोसा. 'सेमी-ट्रॅड' ही दोहोंमधली तडजोड. आत एकामागून एक अशा ओळीने बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी व शयनकक्ष असतात. शेजारीशेजारी खोल्या करण्याइतकी रुंदी नसतेच.

लांबीची निवड महत्त्वाची असते. उत्तर इंग्लंडमधील काही कालव्यांचे जलपाश रुंद पण आखूड आहेत. म्हणून ५७ फूट लांबीची नौका जवळजवळ सर्वत्र जाऊ शकते, असे मानले जाते, आणि जुन्या नौकांच्या बाजारात त्या लांबीला विशेष मागणी असते.

मालकी

मोटारीप्रमाणे नौकेच्या मालकीची सक्तीची शासकीय नोंद ब्रिटनमध्ये नाही. जलमार्गाचा परवाना हा मालकीचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे पूर्वीच्या विक्रीपत्रांची साखळी तपासणे हे खरेदीदाराचे पहिले काम ठरते. दुसरे काम म्हणजे नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तपासणी. त्यात ध्वनिलहरींच्या उपकरणाने पत्र्याची उरलेली जाडी ठिकठिकाणी मोजतात. ती ४ मिमीच्या खाली गेली असल्यास अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देण्यास नाखूष असतात आणि जुन्या पत्र्यावर नवा पत्रा जोडण्याचा मोठा खर्च पुढे उभा राहतो. घराला जमीन असते, तिची किंमत वाढते. नौकेखाली जमीन नसते आणि तिची किंमत बहुधा घटतच जाते. स्वस्त घर म्हणून नौका घेणाऱ्यांच्या हे अनेकदा उशिरा लक्षात येते.

परवान्यासाठी तीन अटी आहेत. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हवा. बोट सेफ्टी स्कीमचे, दर चार वर्षांनी नवे करायचे, सुरक्षा प्रमाणपत्र हवे. आणि नौका ठेवण्याची कायमची जागा तरी हवी, नाही तर सतत प्रवासाची तयारी हवी. परवान्याचे शुल्क नौकेच्या लांबी-रुंदीवर ठरते. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या नौकांना अधिभार लावण्यात आला.

तिसरी अट सर्वांत वादग्रस्त आहे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार, कायमची जागा नसलेली नौका खऱ्याखुऱ्या नौकानयनासाठी वापरली गेली पाहिजे आणि ती एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता कामा नये. परिस्थितीनुसार वाजवी असल्यास मुदत वाढू शकते. मात्र 'ठिकाण' म्हणजे नेमके काय आणि वर्षभरात किती अंतर कापले म्हणजे ते खरे नौकानयन, हे कायद्यात सांगितलेले नाही. ट्रस्टचे मार्गदर्शक नियम आणि नौकाधारकांचे मत यांत त्यामुळे सतत तणाव असतो. सेवानिवृत्त दांपत्याला ही अट जाचत नाही, कारण फिरणे हाच त्यांचा हेतू असतो. परंतु लंडनमधील घरभाडे परवडत नाही म्हणून नौकेवर राहणाऱ्या नोकरदाराला, किंवा ज्याची मुले एका ठरावीक शाळेत जातात त्याला, दर पंधरवड्याला पुढे सरकणे कठीण जाते. अट मोडल्याचा ठपका बसल्यास परवाना रद्द होऊ शकतो आणि अखेर नौका, म्हणजेच राहते घर, जलमार्गावरून हलवले जाऊ शकते. कायमच्या पत्त्याअभावी टपाल, बँक, मतदारनोंदणी यांतही अडचणी येतात. वास्तव्याची अधिकृत परवानगी असलेल्या जागा थोड्या आहेत आणि महागही आहेत.

देखभाल

गोड्या पाण्यातही पोलाद गंजते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नौका कोरड्या गोदीत किंवा क्रेनने काठावर घेऊन, धुऊन, पाण्याखालील भागाला डांबरी लेप देतात. या कामाला 'ब्लॅकिंग' म्हणतात. इपॉक्सीचा लेप महाग पडतो, पण अधिक वर्षे टिकतो. त्याच वेळी तळाच्या बाजूंना जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे तपासले जातात. हे ठोकळे स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवतात. काठावरून वीज घेणाऱ्या नौकेला आणखी एक धोका असतो. विजेच्या भूसंपर्काच्या तारेतून शेजारच्या नौकांशी विद्युत्-रासायनिक मंडल पूर्ण होते आणि गंजण्याचा वेग वाढतो. त्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचे साधे उपकरण बसवतात.

डिझेल इंजिनाचे तेल व गाळण्या ठरावीक तासांनी बदलाव्या लागतात. पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो तेथील सांध्यात वंगण भरून पाणी रोखले जाते; प्रवास संपल्यावर त्याची पकड घट्ट करणे हा रोजचा परिपाठ असतो. पंख्यात प्लास्टिकच्या पिशव्या, दोर, जुने कपडे अडकतात. ते काढण्यासाठी इंजिनाजवळ एक झाकण असते. काम झाल्यावर ते नीट न बसवता इंजिन सुरू केल्यास पंख्याने उसळलेले पाणी आत शिरून नौका बुडते. असे अपघात जुन्याजाणत्यांच्या हातूनही झाले आहेत.

वीज बॅटऱ्यांतून मिळते. त्या इंजिनावर, सौरपट्ट्यांवर किंवा काठावरील जोडणीतून भरल्या जातात. उन्हाळ्यात सौरपट्ट्या पुरतात. डिसेंबरात इंग्लंडचा सूर्य जवळजवळ निरुपयोगी ठरतो आणि रोज इंजिन चालवावे लागते. पिण्याचे पाणी टाकीत साठवतात आणि काठावरील नळांवर भरून घेतात. शौचालयाची टाकी ठरावीक केंद्रांवर रिकामी करावी लागते. नौकाधारकांच्या गप्पांत या विषयाला इतके स्थान असते, की नवख्याला आश्चर्य वाटते. डिझेल, कोळसा व गॅस विकणाऱ्या फिरत्या नौका अनेक मार्गांवर येतात, आणि गोठलेल्या हिवाळ्यात त्यांची वाट पाहिली जाते.

खोली बहुधा कोळसा-लाकडाच्या शेगडीने गरम ठेवतात. शेगडीचे धुराडे तुंबले किंवा दार सैल झाले, तर रंग-गंध नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू लहानशा बंद जागेत साठतो. नौकांवर झोपेतच मृत्यू झाल्याच्या दुर्घटना घडल्यानंतर, एप्रिल २०१९ पासून या वायूची सूचना देणारे यंत्र सुरक्षा प्रमाणपत्रासाठी आवश्यक करण्यात आले. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या सहसा नाळेकडील कप्प्यात ठेवतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचेल. म्हणून कप्प्याला थेट बाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर, छिद्र ठेवलेले असते.

प्रवास

कालव्यांवरील वेगमर्यादा ताशी ४ मैल (सुमारे ६.४ किमी) आहे. काठाला बांधलेल्या नौकांजवळून जाताना वेग आणखी कमी करावा लागतो, अन्यथा ओढीने त्यांचे खुंट उपटतात. घाई करूनही उपयोग नसतो. उथळ व अरुंद पाण्यात इंजिनाची गती वाढवली, की नौकेचा मागचा भाग खाली ओढला जातो, लाटा काठ पोखरतात आणि वेग मात्र फारसा वाढत नाही.

नौका मागून सुकाणूच्या दांड्याने वळवतात. दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे जाते. नौका साधारण मध्याभोवती फिरते, त्यामुळे नाळ वळवताना मागचे टोक उलट बाजूला जाते. थांबवण्यासाठी गतिरोधक नसतो. पंखा उलटा फिरवणे हाच उपाय. समोरून येणाऱ्या नौकेला उजवीकडून ओलांडतात, म्हणजे ब्रिटनच्या रस्त्यांवरील रीतीच्या नेमके उलट. लांब नौका वळवण्यासाठी काही मैलांच्या अंतराने कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो. चुकलेला माणूस तिथपर्यंत गेल्याशिवाय परत फिरू शकत नाही.

अंतर मैलांत नव्हे, मैल आणि जलपाश मिळून मोजतात. मैल व जलपाशांची बेरीज करून तिला तीनने भागले की अंदाजे तास मिळतात. उदाहरणार्थ, 'फोर काउंटीज रिंग' या लोकप्रिय वर्तुळाकार मार्गावर सुमारे ११० मैल आणि ९४ जलपाश आहेत. या हिशेबाने ६८ तास, म्हणजे रोज सात तास चालवल्यास सुमारे दहा दिवस लागतात. मोटारीने हेच अंतर काही तासांचे आहे.

जलपाश ओलांडणे

जलपाश म्हणजे दोन टोकांना दरवाजे असलेला दगडी वा विटांचा हौद. वर जायचे असल्यास नौका खालच्या दरवाजाने रिकाम्या हौदात येते. मागचे दरवाजे व त्यांच्या झडपा बंद करतात आणि विंडलास नावाच्या काटकोनी किल्लीने वरच्या झडपा हळूहळू उघडतात. पाणी भरते, नौका वर येते आणि दोन्ही बाजूंची पातळी समान झाली की वरचा दरवाजा ढकलून उघडता येतो. पातळीत थोडासाही फरक असेल, तर तो कितीही जोर लावला तरी हलत नाही. उतरताना हीच क्रिया उलट होते. पंप किंवा मोटार लागत नाही. सगळे काम गुरुत्वाकर्षण करते.

उतरतानाचा मोठा धोका म्हणजे उंबरा. वरच्या दरवाजाखाली दगडी वा काँक्रीटचा उंबरा हौदात पुढे आलेला असतो आणि हौद भरलेला असताना तो दिसत नाही. नौका फार मागे असेल, तर पाणी उतरताना तिचे मागील टोक उंबऱ्यावर टेकते, पुढचा भाग खाली जात राहतो आणि काही क्षणांत नाळेकडून पाणी आत शिरते. म्हणून काठावर उंबऱ्याची मर्यादा पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. नौका अडकल्याचे दिसताच खालच्या झडपा तत्काळ बंद करणे हा एकमेव उपाय आहे. त्यासाठी झडपांजवळचा माणूस किल्ली हातात ठेवून नौकेकडे लक्ष देऊन उभा असावा लागतो. मात्र किल्ली दात्यावर तशीच अडकवून ठेवू नये. अडकण सुटल्यास ती गरगर फिरते आणि हाड मोडू शकते.

एका अरुंद जलपाशातून एकदा जाताना वरच्या पातळीतील एक लाख लिटरहून अधिक पाणी खाली जाते. यामुळे समोरून नौका येत असेल, तर तिच्यासाठी अनुकूल असलेला हौद आपल्यासाठी रिकामा वा भरून न घेता थांबणे हा शिष्टाचार पाळला जातो.

उल्लेखनीय स्थळे

वेल्समधील पाँटकसल्टी जलसेतू (१८०५) थॉमस टेलफर्ड व विल्यम जेसप यांनी बांधला. डी नदीवरून सुमारे ३८ मीटर उंचीवर, ३०७ मीटर लांबीच्या लोखंडी पन्हळीतून नौका जातात. टोपाथच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला नाही, त्यामुळे नौकेतून पाहणाऱ्यास थेट दरी दिसते. २००९ मध्ये त्यास जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावरील टार्डबिग येथील ३० जलपाशांची माळ ब्रिटनमध्ये सर्वांत लांब आहे. नौका उचलून दुसऱ्या पातळीवर नेणारी यंत्रे दोन ठिकाणी आहेत : चेशरमधील अँडरटन बोट लिफ्ट (१८७५) आणि स्कॉटलंडमधील फिरते फॉल्कर्क व्हील (२००२).

जलमार्गांची सद्यःस्थिती

कालवे दोन-अडीचशे वर्षांचे झाले आहेत आणि त्यांना पाणी पुरवणारे तलावही तितकेच जुने आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसाने टॉडब्रुक तलावाच्या बांधाचा सांडवा खचला आणि खालच्या व्हेली ब्रिज गावातील रहिवाशांना घरे सोडावी लागली. याउलट कोरड्या उन्हाळ्यात तलाव आटतात आणि पाणी वाचवण्यासाठी जलपाशांना कुलपे लावावी लागतात. जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश शासनाने ट्रस्टला २०२७ ते २०३७ या दहा वर्षांसाठी ४० कोटी १० लाख पौंडांचे अनुदान जाहीर केले. महागाई लक्षात घेता ही मोठी कपात असल्याचे ट्रस्टचे म्हणणे आहे. उरलेला भार परवाना शुल्क, मालमत्तेचे उत्पन्न व देणग्या यांवर पडतो. शुल्कवाढीला विरोध करणारे नौकाधारक असे निदर्शनास आणतात, की टोपाथवर चालणारे, सायकल चालवणारे आणि मासे पकडणारे यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

संग्रहालये

एल्झमिअर पोर्ट, ग्लॉस्टर व स्टोक ब्रुअर्न येथे कालव्यांविषयीची संग्रहालये आहेत. १९०९ मध्ये बांधलेली, वाफेवर चालणारी 'प्रेसिडेंट' ही नॅरोबोट डडली येथील ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमच्या मालकीची असून स्वयंसेवकांच्या मदतीने ती चालू स्थितीत राखण्यात आली आहे.